शीतयंत्रांतील उष्णतामापक मणी

वैशाखांतील दुपारीं नागपुरास बाहेरचें उष्णतामान ४५ अंशांपर्यंत चढतें, तेव्हां वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांनीं भागत नाहीं अशीं घरें आतां पुष्कळ आहेत. तेथें भिंतीवर वातानुकूलनाचें यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला ए. सी., येऊन बसला आहे. हें यंत्र बिघडलें कीं घरांतील मंडळी प्रथम एकच वाक्य उच्चारतात, "गॅस संपला असेल." वास्तविक गॅस नळ्यांच्या बंद चक्रांत फिरत असतो, गळती लागल्यावांचून तो कमी होण्याचें कारण नाहीं. परंतु आजचा विषय गॅसचा नसून मिऱ्याच्या दाण्याएवढ्या एका काळ्या मण्याचा आहे.

यंत्राच्या भिंतीवरील भागाची पुढची जाळी उचलली कीं, खोलींतील हवा जेथून आंत ओढली जाते तेथें प्लास्टिकच्या चिमट्यांत अडकविलेला हा मणी दोन बारीक तारांच्या टोकाशीं दिसतो. त्याचा एक जोडीदार तांब्याच्या टोपणांत बसून थंड नळीस चिकटलेला असतो. पहिल्याचें काम खोलीची खबर देण्याचें. दुसऱ्याचें काम नळीवर बर्फ धरूं लागल्यास इशारा देण्याचें. शास्त्रज्ञ या मण्यास थर्मिस्टर म्हणतात, मेकॅनिक मंडळी सरळ सेन्सर म्हणतात. विद्युत्प्रवाहास होणारा धातूचा विरोध उष्णतेनें वाढतो; परंतु कांहीं पदार्थांत तो उलट कमी होतो, हें मायकेल फॅरडे यानें इ. स. १८३३ मध्यें सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करतांना पाहिलें होतें. मण्यांत हा दुसरा गुण उपयोगांत आणला आहे. पुष्कळ यंत्रांतील मणी २५ अंशांवर १०,००० ओहम विरोध दाखवितो. ३० अंशांवर तो सुमारें ८,००० होतो, आणि बर्फाच्या पाण्यांत ३३,००० च्या आसपास जातो. कांहीं कारखानदार ५,००० किंवा १५,००० ओहमचे मणीही घालतात. म्हणून ज्या त्या यंत्राचें कोष्टक पाहणें अवश्य असतें. यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक कार्ड हा विरोध मोजतें आणि त्यावरून खोली किती तापली आहे हें ठरवितें. खोलीकडे पाहण्यास त्याला दुसरा डोळा नाहीं.

हा डोळा अधू झाला म्हणजे काय होतें, याची एका घरची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्या घरीं हृदयविकाराच्या दुखण्यांतून नुकत्याच उठलेल्या वृद्ध आजी होत्या, आणि त्यांना उष्म्यापासून जपावें अशी डॉक्टरांची ताकीद होती. त्यांच्या खोलींतील यंत्र २६ अंशांवर लावलेलें असे. आजी म्हणत, "अरे, फार उकडतं रे, जीव घाबरा होतो." मुलगा भिंतीकडे बोट दाखवून म्हणे, "आई, पाहा ना, सव्वीसच तर आहे." तो खोटें बोलत नव्हता, परंतु यंत्राच्या दर्शनी भागावरील तो आंकडा बहुधा खोली किती थंड झाली हें सांगत नाहीं, किती थंड करावयाची एवढेंच सांगतो. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं आजींना घेरी आली, तेव्हां कोठें मेकॅनिकला बोलावणें गेलें.

त्यानें गॅस कमी असल्याचें निदान केलें, गॅस भरला, पैसे घेतले आणि चाचणीसाठीं रिमोटवर १८ अंश लावले. यंत्र धडाक्यानें चाललें; सर्वांचें समाधान झालें. तो गेल्यावर मुलानें पुन्हां २६ लावले, आणि संध्याकाळीं आजी पूर्ववत् घामानें निथळत होत्या. दुसरा मेकॅनिक आला. त्यानेंही १८ लावूनच पाहिलें, आणि दोष सांपडेना तेव्हां सबंध कार्डच बदलावें असा सल्ला दिला. कार्डाची किंमत ऐकून मुलानें दोन दिवसांची मुदत मागितली.

शेजारीं विद्युत्शास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करणारी एक मुलगी राहत होती. तिनें आल्याबरोबर हत्यार उचललें नाहीं. भिंतीवर टांगावयाचें साधें उष्णतामापक तिनें यंत्राच्या जाळीपाशीं लावलें आणि घड्याळ घेऊन बसली. (तापाचा थर्मामीटर या कामीं निरुपयोगी, ३५ अंशांच्या खालचें त्याला कळतच नाहीं.) खोली ३६ अंशांवर होती. २६ लावून यंत्र सुरू करतांच बाहेरचा काँप्रेसर घुमूं लागला आणि हवा चांगली गार येऊं लागली. येथेंच गॅसवरील संशय पुष्कळसा फिटला. कारण गॅस कमी असला तर बहुधा काँप्रेसर चालतच राहतो आणि हवा मात्र कोमट येते. येथें हवा गार होती, पण पारा ३३ वर उतरतांच काँप्रेसर गप्प झाला. तिनें २४ लावले; काँप्रेसर कांहीं मिनिटांनीं पुन्हां लागला आणि पारा ३१ वर येतांच थांबला. १८ लावले तेव्हां खोली २५ पर्यंत उतरली. अंतर प्रत्येक वेळीं सुमारें ७ अंशांचें!

म्हणजे यंत्राच्या समजुतींत खोली खऱ्या उष्णतामानाहून ७ अंशांनीं थंड होती. ३३ अंशांच्या उकाड्यांत तें आपलें काम पुरें झालें असें मानून विसांवा घेत होतें. दोन्ही मेकॅनिकांनीं १८ लावून परीक्षा घेतली, म्हणून दोष झांकला गेला. आजी ज्या आंकड्यावर तळमळत होत्या त्या आंकड्यावर यंत्र कोणीं पाहिलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, खोली ३३ अंशांवर असतां, तिनें यंत्राचा वीजपुरवठा फळीवरच्या मुख्य बटणापासून बंद केला. केवळ रिमोटनें यंत्र निजविणें पुरत नाहीं. मग मण्याचा प्लग कार्डावरून काढून घेतला आणि पंधरा मिनिटें जाऊं दिलीं. मणी बोटांत धरला कीं अंगाच्या उबेनें आंकडा घसरूं लागतो, म्हणून तो मोकळाच ठेवावा लागतो. मीटरनें ९,६०० ओहम दाखविले. कोष्टकाप्रमाणें ३३ अंशांवर ७,१०० च्या सुमारास पाहिजे होते. ९,६०० हा आंकडा २६ अंशांपुढें होता. तरीही ती थांबली नाहीं. पातळ प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून तिनें मणी बर्फाच्या पाण्यांत सोडला. तेथें ३३,००० च्या जागीं ४५,००० निघाले. दोन्हीं ठिकाणीं चूक सारख्याच प्रमाणांत होती, तेव्हां मणीच बिघडला हें ठरलें. प्लगमधील जोड गंजला असता तर कांहीं ठराविक ओहमांची भर पडली असती, आणि ती बर्फांतील मोठ्या आंकड्यांत जेमतेम जाणवली असती. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेंत हे जोड हिरवे पडतात. तेथें हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा.

तार समूळ तुटली किंवा दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या, तर निदान सोपें असतें. बहुतेक यंत्रें दिवा लुकलुकवून किंवा सांकेतिक अक्षरें दाखवून तसें कळवितात. अर्धवट चुकणारा मणीच फसवितो, कारण त्याचें सांगणें शक्य कोटींतलें असतें. त्याचा विरोध कमी झाला तर यंत्र थांबतच नाहीं. घरचीं माणसें पांघरुणें ओढतात आणि विजेचें बिल फुगतें. कधीं मणी निर्दोष असून चिमट्यांतून निसटतो आणि थंड पत्र्यांस टेकतो. म्हणून मीटर लावण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहावें. आणि १८ लावूनही काँप्रेसर लवकर थांबत असेल, तर नळीवरच्या दुसऱ्या मण्याकडे वळावें. नसलेल्या बर्फाच्या भीतीनें तो काम बंद पाडीत असतो.

कांहीं कारागीर मण्याच्या जागीं ठराविक ओहमचा साधा तुकडा जोडून यंत्र चालूं करून देतात. हें निंद्य आहे. असें यंत्र खोली कितीही थंड झाली तरी थांबणार नाहीं, आणि नळीवरच्या मण्याच्या जागीं तसें केलें तर पत्र्यांवर बर्फ सांचून हवेची वाटच बंद होईल.

घरच्या मंडळींनीं उष्णतामापक लावणें, आंकडे टिपणें आणि जाळी स्वच्छ करणें एवढें खुशाल करावें. पुढचें काम मीटर चालवितां येणाऱ्यानें करावें. यंत्राचा बाहेरचा भाग तर कोणीं हौसेनें उघडूंच नये, कारण वीज बंद केल्यावरही त्यांतील कपॅसिटरमध्यें विद्युत्भार राहिलेला असतो.

त्या घरीं त्याच जातीचा नवा मणी आणून चिमट्यांत बसविला. २६ लावले आणि पारा २६ जवळ आल्यावर काँप्रेसर थांबला. मुलगी तेवढ्यावर उठली नाहीं. गॅस मुळांत कमी नव्हता, तर वर भरलेला गॅस आंतच होता, आणि जादा गॅसनें काँप्रेसरवर ताण पडतो. यंत्राच्या पाटीवर गॅसचें वजन लिहिलेलें असतें. मुलानें पहिल्या मेकॅनिकला पुन्हां बोलाविलें, आंतला सर्व गॅस काढून घेण्यास लावलें, आणि पाटीवरच्या आंकड्याप्रमाणें तो आपल्यासमोर कांट्यावर तोलून भरून घेतला.