जुन्या रोजनिश्या व साथींचा नकाशा



देवस्थानच्या इतिहासाविषयी मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी आपल्या माळ्यांवरील ट्रंकांविषयी बोलणार आहे. त्यांत पडलेल्या रोजनिश्यांवरून गतकालीन साथींचा नकाशा रेखाटता येतो, असे माझे प्रतिपादन आहे.

दाखला दूरचा, लंडनचा घेतो. १६६५ साली तेथे प्लेगने थैमान घातले. सॅम्युएल पीप्स हा नौदल खात्यातील अधिकारी लघुलिपीत रोजनिशी लिहीत असे. ७ जूनला ड्रुरी लेनमधील दोन-तीन दारांवर त्याला तांबड्या फुल्या दिसल्या. १० जूनला फेन्चर्च स्ट्रीटवरील एका परिचित डॉक्टरांच्या घरी रोग शिरल्याचे तो नोंदवितो. दिवस आणि रस्ता, दोन्ही मिळाले. मात्र हे दोन बिंदू जोडून रोगाची वाट काढू गेल्यास फसगत व्हावयाची. ती वाट पीप्सच्या पावलांची आहे. शिवाय इंग्लंडची दिनगणना तेव्हा युरोपातील नव्या गणनेहून १० दिवस मागे होती.

आपल्याकडे शक-तिथींची तीच अडचण. अधिक मास विसरला की नोंद महिनाभर सरकते. त्याहून कठीण रोगाचे नाव. १५४३ साली गोव्यात पटकीसारखी भयंकर साथ आली. गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे, आणि त्यासाठी पोर्तुगीजांनी रूढ केलेला शब्द आपल्या ‘मोडशी’वरूनच बनलेला. आज मोडशी म्हणजे अपचन! तेव्हा वहीत हा शब्द दिसताच नकाशावर पटकीचा ठिपका देऊ नये. आसपासच्या पानांवर किती मरणे नोंदली आहेत, ते आधी पाहावे. मूळ शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा, अर्थ बाजूस लिहावा.

३१ ऑगस्टला पीप्सने आठवड्याचे जाहीर आकडे टिपले : एकूण मृत ७,४९६, पैकी प्लेगचे ६,१०२. खरी संख्या १०,००० च्या घरात असावी, अशी भीतीही त्याने नोंदविली. गोरगरिबांची दखल घेतलीच जात नव्हती. आपल्या वह्यांतही यजमानांचा ताप सविस्तर असतो, कामकऱ्याचे मरण मात्र खर्चाच्या एखाद्या ओळीत सापडते. म्हणून जमाखर्चाची पाने वगळू नयेत.

माझ्या आजोबांच्या ७ वह्यांपैकी ५ बंबात गेल्या. त्यांत १९१८ सालची, इन्फ्लुएन्झाच्या वर्षाची वही होती. त्या वर्षी घरातील दोन मुले गेली, एवढेच आजी सांगे. त्यांची नावे आता कोणास ठाऊक नाहीत. उरलेल्या दोन वह्या मी आज बरोबर आणल्या आहेत. सभेनंतर त्या अग्रशाळेत पाहावयास ठेवतो.