दारिद्र्याचे चित्र आणि विषमतेचे नाते
(इचलकरंजी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट 1985 सालचा. मुंबईत पदपथांवरील आणि वस्त्यांतील झोपड्या पाडल्या जात होत्या, त्या काळाचे हे चित्रण आहे. झोपडीवासीयांबरोबरच त्यांना हटवू पाहणारे अधिकारी आणि सुखवस्तू नागरिकही त्यात बोलतात. गरिबांची चित्रे घेऊन गरिबांना काय लाभ, असा संतप्त प्रश्न एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच विचारते, आणि दिग्दर्शकाने तो वगळलेला नाही.

केवळ दारिद्र्य दाखविले, तर प्रेक्षकाच्या मनात दया उत्पन्न होते. दारिद्र्याचे संपत्तीशी असलेले नाते दाखविले, तर तो विचार करू लागतो. शहराला इमारती बांधणारे हात हवे असतात, त्या हातांचा निवारा मात्र नको असतो. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. परंतु त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. गरिबाच्या पदरी तत्त्व पडले, निवाऱ्याची हमी पडली नाही.

इचलकरंजीत हे नाते ओळखणे अधिक अवघड आहे. विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली येथे पहिला यंत्रमाग बसविला. पुढे 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम यंत्रमागांकडे अधिकच सरकले. या धंद्यात मालक आणि मजूर अशी सरळ विभागणी नाही. व्यापारी सूत पुरवितो. खर्चीवाला यंत्रमागधारक ठरलेल्या दराने कापड विणून देतो. माग चालविणाऱ्याला विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी मिळते. मंदी आली, की व्यापारी बीम देणे थांबवितो. खर्चीवाल्याच्या डोक्यावर वीजबिल आणि कर्जाचा हप्ता राहतो. कामगाराची मजुरी तर त्या पाळीपासूनच बंद होते. विषमता म्हणजे केवळ उत्पन्नातील अंतर नव्हे. संकटाचा भार प्रथम कोणी सोसावयाचा, हेही तीच ठरविते.

कायद्याची वाटही येथे अडते. 1948 च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 कामगारांची मर्यादा घातली. तेव्हापासून शेड लहान ठेवणे, अथवा एकाच छपराखालचे माग घरातील चौघांच्या नावे दाखविणे, ही यंत्रमाग धंद्यातील परिचित युक्ती झाली. हजेरीपत्रक आणि भरपगारी रजा अशा वेळी दाराबाहेरच राहतात.

म्हणूनच मजुरीवाढीचा लढा मागवाल्याच्या दाराशी थांबून भागणार नाही. त्याची मिळकत तुटपुंजी आहे, एवढ्याने कामगाराची मागणी गैरवाजवी ठरत नाही. उलट, दोघांचीही तूट ज्याच्या खात्यात नफा म्हणून जमा होते, त्याला वाटाघाटीस बसविणे अगत्याचे ठरते. खर्चीचा दर आणि मजुरीचा दर एकाच करारात बांधला जावा, आणि सूत पुरविणारा व्यापारीही त्या कराराचा पक्ष असावा.

अनुबोधपटाने डोळे उघडतात, संघटना उभी राहत नाही. ते काम कार्यकर्त्यांचे आहे. पेठापेठांतून असे चित्रपट अवश्य दाखवावेत. परंतु पडदा गुंडाळण्यापूर्वी कामगार आणि खर्चीवाला यांना एका सतरंजीवर बसवून किती कापड विणले, खर्ची किती आली, मजुरी किती पडली, हा हिशेब उघड मांडावा. लढ्याचा आरंभ त्या हिशेबातून होईल.