खोटं पिस्तूल, खरी धमकी

मैत्रिणींनो, नाहूरच्या बैठकीत एकीनं विचारलं, "नवरा पिस्तूल रोखतो. खेळण्यातलं निघालं तर पोलीस हसतील ना?"

१९५९ च्या शस्त्र कायद्यात नकली बंदूक आहे. गोळी सुटो न सुटो, बंदुकीसारखी दिसली की पुरे. पण कलम २८ मधली सात वर्षांपर्यंतची शिक्षा अटक टाळायला ती वापरणाऱ्याला. शिपायावर रोखली तर हे कलम, बायकोवर रोखली तर नाही! ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवरच बंदी आणली.

आपला आधार दुसरीकडे आहे. जिवे मारण्याची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही धमकावणं हिंसाच. पोलिसांनी नुसती एन.सी. घेतली, तरी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे पिस्तूल कसलं, यापेक्षा तो काय बोलला, मुलं कुठे होती, हे आधी लिहून घ्यायला लावा.