दुखणेकऱ्याचा दाखला

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मला जो विषय दिला आहे तो ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा गिरणीकामगारांचा विषय. नांगर धरणाऱ्यास आणि करवत ओढणाऱ्यास त्याचें काय? पण मी आपणांस विचारतों, ज्याचा मुलगा, भाऊ किंवा जांवई पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या किंवा इचलकरंजीच्या कारखान्यांत पोट भरण्यास गेला नाहीं, असें या मंडपांत एक तरी घर आहे काय? जिराईत तुकड्यावर बारा महिने निघत नाहींत, कुंभाराच्या चाकाला आणि सुताराच्या वाकसाला पूर्वींचें गिऱ्हाईक उरलें नाहीं. म्हणून घरचें एक माणूस कारखान्यांत आणि बाकीचीं गांवीं, अशी आपली स्थिति झाली आहे. तें माणूस धडधाकट असतें तोंवर ठीक. तें अंथरुणाला खिळलें म्हणजे कोठें येतें? गांवीं, आपल्या घरीं येतें. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे. आणि आज मी कामगारापेक्षां त्याच्या आईबापांस, बायकोस व शिकणाऱ्या मुलांस उद्देशून बोलणार आहें.

काम करतांना जायबंदी झालेल्या मजुराच्या घरीं चूल पेटती राहिली पाहिजे, ही मागणी आपल्याच चळवळीनें प्रथम केली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 च्या सप्टेंबरांत मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि हजारों कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनापुढें ठेवला. त्यांतील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. ती 10 जून 1890 रोजीं पदरांत पडली. परंतु त्याच अर्जांत आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पुरता पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. इजेच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालीं झाला. साध्या तापाच्या, खोकल्याच्या, हगवणीच्या दुखण्याला पैसा देणारा कायदा 1948 सालीं झाला. त्याची योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली आणि मुंबईस 1954 सालीं पोंचली. लोखंड्यांच्या अर्जापासून मोजा, सत्तर वर्षें लागलीं. जें मिळविण्यास सत्तर वर्षें लागलीं तें आपण एका कागदाच्या हयगयीनें एका आठवड्यांत घालवितों, हें मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम हा पैसा कोणाचा तें समजून घ्या. ज्याला आपण ईएसआय म्हणतों त्या विमायोजनेंत 1 जुलै 2019 पासून मजुरीच्या दर शंभर रुपयांमागें मालकानें सव्वातीन रुपये आणि मजुरानें बारा आणे भरावयाचे, असें ठरलें. म्हणजे ही भीक नव्हे, मेहेरबानी नव्हे. घामाच्या पैशांतून भरलेली वर्गणी आहे. सहा महिन्यांच्या मुदतींत निदान 78 दिवसांची वर्गणी भरली असली म्हणजे पुढील ठराविक सहा महिन्यांत आजारपणाचा पैसा मागतां येतो. तो सरासरी रोजाच्या शंभरास सत्तर या दरानें, वर्षांत 91 दिवसांपर्यंत मिळतो. दुखण्याचे पहिले दोन दिवस सामान्यतः धरीत नाहींत. ज्याचा रोज 600 रुपये आहे तो दहा दिवस पडून राहिला, तर आठ दिवसांचे, दर दिवशीं 420 प्रमाणें 3,360 रुपये त्याच्या घरीं आले पाहिजेत.

मग ते बुडतात कसे? 1950 सालच्या नियमावलींत असें घातलें आहे कीं, डॉक्टरानें दाखला दिल्यापासून तीन दिवसांच्या आंत तो विम्याच्या शाखा कचेरींत पोंचला पाहिजे. पहिला दाखला उशिरा गेला, तर जाऊन पोंचल्याच्या तारखेच्या मागचे तीनच दिवस धरतात. त्या आधींचे दिवस बुडाले! समजा, एकाला 1 तारखेस ताप भरला, त्याच दिवशीं दाखला मिळाला, पण तो उशाखालीं राहून 15 तारखेस कचेरींत गेला. आतां 12 तारखेच्या आधींचे सगळे दिवस गेले. दुखणें खरें, दाखला खरा, वर्गणी भरलेली. तरी पैसा नाहीं. याला वरातीमागून घोडें म्हणतात.

परंतु त्याच नियमाच्या शेवटीं एक वाक्य आहे, तें कारकून सहसा वाचून दाखवीत नाहीं. उशीर खऱ्या कारणानें झाला अशी कचेरीची खात्री झाली, तर तिला ही अट सैल करतां येते. तसेंच विम्याच्या डॉक्टराचा दाखला मिळणें शक्य नव्हतें अशा प्रसंगीं दुसरा पुरावा मान्य करण्याचीही मुभा आहे. म्हणून "उशीर झाला, आतां कांहीं होत नाहीं," हें खिडकीवरचें उत्तर ऐकून परत फिरूं नका. ओढ्याला पूर होता, माणूस बेशुद्ध होतें, घरांत लिहिणारें कोणी नव्हतें, जें खरें असेल तें कागदावर लिहून द्या, आणि उत्तरही कागदावर मागा.

आतां याहून मोठी गोष्ट सांगतों. दाखला विम्याच्या कचेरींत वेळेवर गेला म्हणजे सर्व झालें, असें समजूं नका. दुखणें एक असलें तरी दारें दोन आहेत. एक विम्याचें, तेथें पैसा मिळतो. दुसरें कारखान्याचें, तेथें नोकरी राहते. एका दारीं टकटक केल्यानें दुसरें उघडत नाहीं.

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणींत घडलेली हकीकत ऐका. ती सुप्रीम कोर्टाच्या दप्तरांत आहे. तेथील एक कामगार 1957 च्या जानेवारींत थोड्या दिवसांची रजा घेऊन गांवीं गेला. तेथें त्याला हगवणीनें गांठलें. रजा संपली, पण त्यानें गिरणीस एक ओळही कळविली नाहीं. मार्चांत तो सरकारी डॉक्टराचा दाखला घेऊन हजर झाला. गिरणीनें त्याला आपल्या डॉक्टराकडे धाडलें. तो डॉक्टर म्हणाला, हा माणूस मागें दोन महिने आजारी होता असें मला आज सांगतां येत नाहीं. बरोबरच आहे, बरा झालेला माणूस पाहून कालचा ताप कोणाला दिसतो? गिरणीच्या स्थायी हुकुमांत कलम होतें कीं, बिनपरवानगी लागोपाठ आठ दिवस खाडा केल्यास त्यानें नोकरी सोडली असें धरावें. तेवढ्यावर त्याचें नांव हजेरीपटावरून गेलें. इकडे विम्याच्या कचेरीनें तोच दाखला खरा मानून त्याला पैसाही दिला! भांडण दिल्लीपर्यंत गेलें. आजारपणाचा पैसा मिळत असतां मालकानें नोकरास काढूं नये, असें 1948 च्या कायद्याचें 73 वें कलम होतें. तें त्याच्या बाजूनें पुढें केलें गेलें. पण 1963 सालीं कोर्टानें निकाल दिला कीं, मालकानें त्याला दुखण्याबद्दल काढलें नाहीं, खाड्याच्या कलमानें त्याची नोकरी आपोआप संपली. तेथें 73 वें कलम लागत नाहीं. गिरणी जिंकली. दुखणें खरें ठरलें, पैसा मिळाला, आणि नोकरी गेली. कशाकरितां? गांवाहून एक कार्ड गेलें नाहीं म्हणून!

पुढें 1993 सालीं त्याच कोर्टानें अशाच आठ दिवसांच्या खाड्याच्या दुसऱ्या एका खटल्यांत सांगितलें कीं, कलम असलें तरी मजुराचें म्हणणें ऐकून घेतल्याशिवाय व चौकशी केल्याशिवाय त्याची भाकरी काढून घेतां येत नाहीं. त्या कामगारास नोकरी व मागील पगाराचा निम्मा हिस्सा देवविला. पण तो 1980 च्या डिसेंबरांत दाराबाहेर पडला होता. न्याय यावयास बारा वर्षें लागलीं. बारा वर्षें ज्याच्या घरीं पगार नाहीं त्याच्या लेकरांचें काय झालें असेल, याचा विचार मायबहिणींनींच करावा.

जोतीराव फुले यांनीं दाखवून दिलें कीं, ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं अडाणी शेतकऱ्याची मान. त्या काळीं गांवचें दप्तर कुळकर्ण्याकडे होतें. आज हजेरीचें दप्तर टाइमकीपराकडे आहे. आणि मित्रहो, खरें बोलावयाचें तर हा टाइमकीपर पुष्कळदां आपलाच जातभाई असतो, आपल्याच गांवचा असतो, तरी "दाखला मिळाला नाहीं" असें तोंडानें सांगून मोकळा होतो. तेव्हां जात पाहून विश्वास टाकूं नका. सही-शिक्क्याची पोहोंच पाहून टाका.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्यांतले कांहीं लोक सुगीसाठीं, लग्नासाठीं, जत्रेसाठीं पैसे देऊन खोटा दाखला आणतात. त्याचा दंड तो भरीत नाहीं. त्याच्या शेजारचा खरा तापकरी भरतो, कारण मग मालक प्रत्येक दाखल्याकडे संशयानें पाहूं लागतो. सत्यशोधकाचें नांव सांगणाऱ्यानें खोट्या कागदाला शिवूं नये. सुगीला रजा पाहिजे तर रजा मागावी.

आतां घरच्यांनीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों. कारखान्याचा पूर्ण पत्ता, विम्याचा नंबर आणि शाखा कचेरीचा पत्ता एका वहींत लिहून ती घरीं ठेवा. माणूस आजारी होऊन आलें कीं पहिल्याच दिवशीं दवाखान्यांत न्या. विम्याचा दवाखाना दूर असेल तर सरकारी आरोग्य केंद्रांत न्या, आणि तारखेसह केसपेपर मागून घ्या. त्याच दिवशीं दोन कागद जाऊं द्या, एक विम्याच्या कचेरीकडे, एक कारखान्याकडे. मोबाइलवरून दाखल्याचा फोटो जरूर पाठवा, पण त्यावर भिस्त ठेवूं नका. स्पीड पोस्टानें नक्कल पाठवून पावती वहींत चिकटवा. कारखान्यास लिहावयाचें तें एवढेंच: अमुक नंबरचा कामगार अमुक तारखेपासून आजारी आहे, डॉक्टरानें इतके दिवस विश्रांति सांगितली आहे, तेवढी रजा मिळावी. दुखणें लांबलें तर जुनी मुदत संपण्याच्या आंत पुढला दाखला घ्या व पुन्हां दोन्हीकडे पाठवा. बरें होऊन गेल्यावर कोणी आंत घेत नसेल, तर त्याच दिवशीं लेखी अर्ज द्या. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही अथवा आंगठा देऊं नका, कारण त्यांतूनच पुष्कळांचे राजीनामे निघतात.

1948 चा कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आली आहे. कलमांचे आंकडे बदलले, तरी तीच योजना चालू आहे, आणि मुदतीचें महत्त्व रतिभर कमी झालेलें नाहीं. म्हणून शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीला हें पत्र कसें लिहावें तें आजच शिकवा. रोगी स्वतः लिहूं शकत नाहीं. तो तापांत असतो. मद्रासच्या त्या कामगाराच्या घरीं पत्र लिहिणारी एक पोर असती, तर कदाचित् त्याला दिल्लीचें कोर्ट पाहावें लागलें नसतें.

लोखंड्यांच्या अर्जावर ज्या हजारों माणसांनीं सही केली किंवा आंगठा उठविला, त्यांतले बहुतेक निरक्षर होते; तरी त्यांनीं आपलें म्हणणें कागदावर आणलें. आपल्या घरांत तर आज लिहिणारे आहेत. तेव्हां कागदाला भिऊं नका आणि त्याला उशीर करूं नका, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.

सत्यमेव जयते.