महिनाभरात कादंबरी

प्रेमकथा लिहिते म्हटलं, की अकोटात लोक आधी हसतात. महिन्यात ५०,००० शब्द लिहायची टूम १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बेटी यांनी काढली, तेव्हा २१ जण होते. पुढे ती नोव्हेंबरात होऊ लागली. म्हणजे रोज १६६७ शब्द. अन् आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे कापूसवेचणी, पाहुणे! मी पहाटे चारला उठून लिहायची, रात्री सासूबाईंना वाचून दाखवायची. बाराव्या दिवशीच नायक-नायिकेचं जमलं. आता भांडण कुठून आणू? वेचणीच्या मजुरीवरून लावलं. मग पात्रं वऱ्हाडीतच बोलू लागली. तिसाव्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "झालं काय वं त्याइचं लगन?" नाही झालं, नायिकेला आधी बी.एड. पुरं करायचं होतं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.