एका मुठीची जागा



कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण ‘रोजच्या जगण्यातलं काही सांगा’ असं मला सुचवलं गेलं आणि माझ्यासमोर उभी राहिली ती मोटारसायकल. तेव्हा उंच माणसानं जुनी मोटारसायकल कशी निवडावी, याविषयी मी आज बोलणार आहे. हसू नका. या विषयात माझं बरंच काही अडकलेलं आहे.

माझी उंची सहा फूट तीन इंच. मिरजेतल्या आमच्या जुन्या घराच्या चौकटींनी माझ्या कपाळावर सही करून ठेवली आहे. एसटीत माझे गुडघे पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीत जातात. कविसंमेलनात माइक माझ्या छातीशी बोलत असतो. लहानपणी ‘उंट’ हे नाव पडलं, ते अजून निघालं नाही.

१९९८ साली मी हप्त्यांवर शंभर सीसीची एक गाडी घेतली. गाडी गुणी होती. थोड्या पेट्रोलवर दूर जायची, कधी रुसली नाही. फक्त ती माझ्या मापाची नव्हती. गुडघे बाहेर काढून मी बेडकासारखा बसायचो. चौकातले लोक म्हणायचे, ‘मास्तर, गाडी कडेवर घेतलीय का?’ मी मास्तर नव्हे. पण चार कविता छापून आल्या की आमच्याकडं माणूस आपोआप मास्तर होतो. वळताना आधी गुडघा बाहेर काढायचा, मग हँडल फिरवायचं, ही सवय वीस वर्षांत अंगात मुरली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही नात्यातल्या एका लग्नाहून परत निघालो. कार्यालयाच्या फाटकासमोर गाडी वळवायची होती. मागं माझी बायको एका अंगानं बसलेली, मांडीवर मिठाईचा डबा. ती मागं बसली की मला पुढं सरकावं लागे. म्हणजे गुडघे आणखी पुढं. मी हँडल डावीकडं वळवलं, त्याचं टोक गुडघ्याला लागलं आणि तिथंच अडकलं. गाडीला आणखी वळायचं होतं, पण माझा पाय तिला वळू देईना. आम्ही डावीकडं आडवे झालो. मला खरचटलं. ती डाव्या हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ती शिवणकाम करते. सहा आठवडे घरातलं मशीन बंद राहिलं.

जो तो विचारी, कसं झालं? मी सांगे, ‘वाळू होती, चाक घसरलं.’ डॉक्टरांना तेच सांगितलं, मुलीला तेच सांगितलं. वाळू बिचारी कुठं बोलायला येते!

त्यानंतर बायको माझ्या मागं बसली नाही. भांडली नाही, बोललीही नाही. कुठं निघालो की म्हणायची, ‘मी रिक्षानं येते.’ पुढं कोरोना आला आणि बाहेर जाणंच संपलं. २०२३ साली कवठेमहांकाळला दिलेल्या आमच्या लेकीला मुलगा झाला, आणि आठवड्याला नातवाकडं जायची ओढ लागली. एक दिवस ती म्हणाली, ‘गाडीवरून जाऊ या, पण त्या गाडीवर नाही.’ आमचं घरातलं बोलणं दखनीतलं, इथं मराठी करून सांगतोय. तिचं ‘त्या’ मला नीट ऐकू आलं.

नव्या गाडीइतके पैसे नव्हते, म्हणून जुनीच बघायची ठरली. तसंही उंच माणसाला जुन्या बाजारात जास्त वाव असतो. कारण त्याच्या सोयीच्या काही गाड्या आता नव्या मिळतच नाहीत. २०११ साली आलेली हिरोची इम्पल्स घ्या. उंच, हलकी, लांब पायाच्या माणसाला छान. तिचं उत्पादन बंद होऊन आता काही वर्षं झाली.

बायकोनं शिवणाचा टेप काढला आणि जांघेपासून टाचेपर्यंत माझा पाय मोजला. ३५ इंच, म्हणजे साधारण ८९० मिलिमीटर. मग मी गाड्यांच्या सीटची जमिनीपासूनची उंची लिहून काढली. स्प्लेंडर प्लस ७८५ मिलिमीटर, पहिली हिमालयन ८००, एक्सपल्स २०० ही ८२३, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर ८५५. सीट जितकी उंच तितकी गाडी आपल्याला बरी, असा निष्कर्ष काढून मी तो कागद ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवला. तो तिशीतला मुलगा, मला चाचा म्हणतो. कागद बघून म्हणाला, ‘चाचा, सीट जमिनीपासून मोजायची ती गाडी थांबल्यावर. चालताना पाय कुठं असतात? फूटरेस्टवर. मग सीट तिथनं मोजा की!’

बी.ए.ला मी तर्कशास्त्र शिकलो होतो, पण इतकं साधं मला सुचलं नव्हतं. जमिनीपासूनची उंची ही बुटक्या माणसाची काळजी. उंच माणसानं तीन ठिकाणं बघायची : बूड, पाय आणि हात. म्हणजे सीट, फूटरेस्ट आणि हँडल. या तिघांत जो त्रिकोण होतो, त्यात आपण मावतो का, एवढंच बघायचं. बजाजच्या ॲव्हेंजरची सीट साडेसातशे मिलिमीटरच्याही आत आहे. पण फूटरेस्ट पुढं असल्यामुळं लांब पाय तिथं मोकळे राहतात. मात्र पाय असे पुढं गेले की खड्ड्याचा दणका थेट कमरेत येतो. पन्नाशीनंतर ते परवडत नाही.

त्या मुलानं मला चार परीक्षा शिकवल्या. पहिली, पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचं. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा राहिला पाहिजे. दुसरी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं. गुडघा आणि हँडलचं टोक यांच्यामध्ये एक मूठ बसली पाहिजे. तिसरी, फूटरेस्टवर उभं राहायचं. खड्ड्यात तसं उभं राहावं लागतं, तेव्हा हँडल हाताला लागलं पाहिजे, पाठीला बाक येता कामा नये. चौथी सगळ्यांत महत्त्वाची. मागं कुणाला तरी बसवून पहिल्या तिन्ही परीक्षा पुन्हा घ्यायच्या. एकटा माणूस सीटवर हवा तितका मागं सरकतो, आणि ती गाडी त्याला बसते असं वाटतं. संसारी माणसाची गाडी मागं माणूस बसल्यावरच कळते.

मला आमच्या गावातले सतारमेकर आठवले. तंबोरा मागायला गेलात तर ते आधी विचारतात, गाणार कोण? पुरुष की बाई? सूर कोणता? त्यावर भोपळा आणि दांडीची लांबी ठरते. मोटारसायकलीच्या कारखान्याला असं विचारता येत नाही, त्याला मधल्या उंचीच्या माणसासाठी गाडी करावी लागते. म्हणून ज्याचं माप मधलं नाही, त्यानं स्वतःच विचारत फिरायला हवं.

आम्ही महिनाभर फिरलो. एका ठिकाणी गाडी चकाचक होती, मीटरवर फक्त नऊ हजार किलोमीटर. पण फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आणि मागच्या चेनचक्रावरून चेन ओढली तर ती सुटून अर्धा दात दिसत होता. नऊ हजारांत असं होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी २०२० ची, टायर मात्र २०२२ चे. मीटर खोटं बोलत होतं. दुसऱ्या ठिकाणी मी इंजिनाला हात लावला तर ते गरम. मालक म्हणाला, ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली.’ गॅरेजवाल्यानं मला डोळ्यांनीच खुणावलं. गार इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू होतं आणि धूर कसला टाकतं, हेच तर बघायचं असतं.

मग एक जुनी बुलेट आली. बसलो आणि वाटलं, ही आपल्यासाठीच घडवली आहे. पण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पंचवीस वर्षं उलट्या सवयीचा पाय अवचित प्रसंगी चुकणारच. त्यात कागद बघितले, तर विकणाऱ्याचं नाव एक आणि आरसीवर नाव दुसऱ्याचं. त्या दुसऱ्यानं सह्या करून दिलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म याच्या खिशात. ‘सगळे असंच करतात,’ तो म्हणाला. करतात खरं. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, की नोंद ज्याच्या नावावर, कायद्यानं मालक तोच. गाडी चार हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते. म्हणजे कुणी एक भला माणूस गाडी विकून निवांत झोपला होता आणि त्याच्या नावानं ती गावभर फिरत होती. मी हात जोडले. माझी शंभर सीसीची पुढं विकली, तेव्हा घेणाऱ्याला घेऊन स्वतः आरटीओत गेलो. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, हे ध्यानात ठेवा.

शेवटी तासगावकडं एक गाडी मिळाली. २०२१ ची एक्सपल्स, एकच मालक. सीट ८२३ मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या आसपास. बुलेटच्या मानानं पुष्कळच हलकी. ही रानावनात फिरवायची गाडी, त्यामुळं ती किती आपटली आहे ते आधी बघावं लागतं. खालची पत्री ढाल तपासली. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नव्हता. मागं उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना ते पाहिलं. चाकं तारांची होती. गॅरेजवाला पान्यानं एकेक तार वाजवत गेला. तंबोऱ्याच्या गावात राहतो मी, तेवढा कान आहे मला. दोन तारा ढिल्या निघाल्या, बाकी सुरात. चासी नंबर आरसीशी ताडला. बँकेचा बोजा उतरलेला होता. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, तोही चालू होता. त्यावर फक्त माझं नाव चढवून घ्यायचं होतं.

राहिल्या त्या चार परीक्षा. बायको बरोबर होती, पण ती बाजूला उभी राहिली. मागं गॅरेजचा पोरगा बसवला. मी पुढं सरकलो आणि हँडल डावीकडं पूर्ण वळवलं. मी मूठ घालणार तेवढ्यात ती पुढं आली. तिनं आपली डावी मूठ माझा गुडघा आणि हँडल यांच्यामध्ये घातली. तेच मनगट. हाड जुळलं आहे, पण किंचित वाकडं.

‘बसते,’ ती म्हणाली. ‘तेव्हा बसत नव्हती.’

मी तिच्याकडं बघत राहिलो. ‘तुला ठाऊक होतं?’

‘तुमचे पायजमे कोण शिवतं? गुडघा कुठं येतो ते मला ठाऊक नाही होय? आणि कार्यालयासमोर फरशी होती. वाळू कुठली?’

साडेतीन वर्षं ती हे मनात ठेवून होती. गाडी माझ्या मापाची नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. स्वतःवर पैसे घालायला नको, लोक हसतील, चालतंय की अजून, असं म्हणत मी वीस वर्षं ओढली आणि त्याचं मोल तिच्या मनगटानं चुकवलं. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. गॅरेजच्या पोरासमोरच मागितली.

गाडी घेतली. नंतर थोडी डागडुजी केली. हँडल दीड इंच वर घेतलं. तसं करताना ते दोन्हीकडं पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, एवढं बघायचं. सीटवाल्याकडून माझ्या बाजूला इंचभर फोम वाढवला. माझा बूट ११ नंबरचा, त्याला गिअरचा पाय जुळवून घेतला. आधीच्या मालकानं काढून माळ्यावर टाकलेलं साडीगार्ड मागून आणून बसवलं.

एक अडचण उरलीच. माझी बायको जेमतेम पाच फूट. जी गाडी मला बसते, तिच्यावर तिला चढता येईना. पण त्यावर तिनंच तोड काढली. आता मी गाडी घराच्या पायरीला लावतो, ती पायरीवरून बसते. वाटेत चहाला थांबायचं असेल तर मी मैलाचा दगड बघून थांबतो. मिरज ते कवठेमहांकाळ रस्त्यावरचे सगळे दगड आता आम्हा दोघांना पाठ आहेत.

तेव्हा श्रोतेहो, उंच असा, बुटके असा, जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, इंजिन गार असताना. कागद घरी आणून निवांत वाचा. आणि जे माणूस तुमच्या मागं बसणार आहे, त्याला बरोबर न्या. तुमचं माप तुमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)