घरावरचे आकाश आणि त्याची मालकी

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. ज्या जिल्ह्याच्या धक्क्यावरून मुंबई डोळ्यांना दिसते, तेथील म्हाताऱ्या आईबापांची खुशाली मुंबईतल्या मुलांना कित्येक दिवस कळू शकली नाही.

आता आपल्याला सांगण्यात येते की उपग्रहाचे इंटरनेट आले म्हणजे ही विवंचना संपेल. जून २०२५ मध्ये स्टारलिंक या अमेरिकी कंपनीस केंद्र शासनाचा परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्रावर सह्या केल्या. त्या वेळी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम यांची नावे पुढे आली, आणि त्याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. परंतु आपल्या घरापर्यंत ही सेवा पोचते किंवा नाही, हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

माझ्या घरावरून या क्षणी कोणता उपग्रह जात आहे, हे आज साध्या मोबाइलवर पाहता येते. मी अंगणात उभा राहून ते पाहिले आहे. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे ५०० ते ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतात. एकेक उपग्रह आपल्या माथ्यावर काही मिनिटेच टिकतो. तो मावळण्यापूर्वी दुसऱ्याने काम उचलावे लागते. यांपैकी बहुसंख्य उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ४३ ते ५३ अंशांचा कोन करतात. त्यामुळे त्यांची दाटी युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर अधिक आणि आपल्या साडेअठरा अंशांवर विरळ असते.

पण उपग्रह दिसला म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे. घरावरच्या तबकडीला मोकळे आकाश हवे, आणि आपल्या वाड्यांत माडाच्या झावळ्या आडव्या येतात. या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि आपल्याकडे तर चार महिने पाऊस. तबकडीला वीजही लागते, आणि वादळात पहिला बळी विजेचाच जातो. शिवाय भूमीवर केंद्र हवे, शासनाचा परवाना हवा आणि सर्वांत शेवटी ग्राहकाच्या खिशात पैसा हवा. कंपनीच्या नकाशावर संपूर्ण रायगड एकाच रंगाने रंगविता येईल. त्या रंगाखाली कोळीवाड्यातले घर आहे की मुंबईकर धनिकाचा बंगला, हे नकाशा सांगत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद करतो. या व्यवसायात प्रचंड भांडवल आरंभीच गुंतते. उपग्रह एकदा फिरू लागला की तो दिवेआगरवरून जातोच, कोणी पैसे देवो अथवा न देवो. येथल्या शाळेला जोडून घेण्याचा वाढीव खर्च मुख्यतः तबकडीचा आणि विजेचा. अशा वेळी दर केवळ बाजाराने ठरवावा, हा आग्रह अर्थशास्त्रीय नसून हितसंबंधी आहे.

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांकडून उत्पन्नाच्या ४ टक्के आणि प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये घ्यावेत, अशी शिफारस केली. वाढीव आकारातून ग्रामीण ग्राहक वगळले. हेतू चांगला आहे. परंतु कंपनीला खेड्यापुरती सूट देणे वेगळे आणि खेड्याला सेवेचा हक्क देणे वेगळे.

यापूर्वीचा एक प्रयोग आठवा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविण्यात आली. महाराष्ट्र त्यात नव्हता. तेथे संच घरोघरी नव्हता. गावाचा मिळून एक संच होता आणि सारे गाव त्यापुढे बसे. ही कल्पना आजही अनुकरणीय आहे. मात्र ते वर्ष आणीबाणीचे होते, आणि आपल्यापैकी अनेक जण तेव्हा तुरुंगात होते, हेही विसरता कामा नये. आकाशाची किल्ली एकट्या सरकारच्या हाती असली म्हणजे काय होते, ते आपण अनुभवले आहे.

ती एकट्या भांडवलदाराच्या हाती गेली तर? युक्रेनच्या युद्धात क्रिमियालगत सेवा सुरू करण्याची विनंती आपण मानली नाही, असे स्टारलिंकच्या मालकानेच २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. तो निर्णय एका व्यक्तीचा होता, हा प्रश्न आहे.

म्हणून माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने आणि मच्छीमार सहकारी सोसायटीने एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, पावसात की उघडिपीत, वीज असताना की नसताना जोडणी किती वेळ तुटली, याची नोंद करावी. ती ग्रामसभेत वाचावी. कंपनीच्या नकाशापुढे ही वही ठेवावी. आणि लहरी वापरण्याची अट म्हणून किनाऱ्यावरील प्रत्येक गावात एक सार्वजनिक तबकडी, सौर विजेच्या आणि बॅटरीच्या सोयीसह, मागावी. वादळात ती सर्वांना विनामूल्य खुली असावी.

पुढचे वादळ यायचे तेव्हा येईलच. त्या दिवशी आपल्या माथ्यावरून उपग्रह जात असतील, यात शंका नाही. त्यांतल्या एकाकडून तरी आपला निरोप जाईल की नाही, हे मात्र आपण आज काय मागतो यावर ठरणार आहे.